नवमीचे स्कॅन

धुळ्याच्या त्या सीटी स्कॅन सेंटरात दिपमाला कामाला लागली, त्या पहिल्याच दिवशी तिला सर्व्हरची खोली दाखवली. खोली कसली, मोरी होती ती! पोछ्याची ओली बादली, फिनेलचे कॅन, जुन्या कॅलेंडरांची भेंडोळी, आणि या सगळ्या पसाऱ्यात एका टेबलावर बसवलेला सर्व्हर. त्याच्या हवेच्या जाळीवर हळदीकुंकवाची बोटं, डोक्यावर वाळून काळा पडलेला झेंडूचा हार, आणि जाळीतून मुंग्यांची ये-जा. कुणा भक्ताने गूळखोबऱ्याचा नैवेद्य थेट यंत्रावरच ठेवला होता आणि त्याचा पाक आत झिरपला होता. कोपऱ्यातल्या भिंतीला गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी कायमचा रंग दिला होता. या सेंटरात येणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या डोक्याचे, छातीचे, पोटाचे फोटो त्या यंत्रात होते. माणसं आपल्या संडासाचीसुद्धा यापेक्षा बरी काळजी घेतात, असं ती मनात म्हणाली आणि नाकाला ओढणी लावून बाहेर आली.

दिपमाला धुळ्याच्याच देवपूरची. कॉम्प्युटरची पदवी घेऊन काही वर्षं पुण्यात नोकरी केली, मग वडील आजारी पडले म्हणून परत आली. लिनक्स, युनिक्स यांच्यावर तिचा हात बसलेला. तिला वाटलं, खोली घाण असेना का, आतला कारभार तरी नीट असेल. कसलं काय! सर्व्हरमधली मोठी डिस्क नेटवर्कवरून सगळ्यांना शेअर केलेली होती. रिसेप्शनला, डॉक्टरांच्या केबिनला, सीटीच्या खोलीतल्या यंत्राला, पार जळगावच्या शाखेलाही. शेअर करण्यात पाप नाही, त्यासाठीच तर ती सोय असते. पण कोणी काय वाचावं, कोणी काय पुसावं, याला काही धरबंध हवा की नको? सगळ्यांना सगळं उघडं. धर्मशाळेच्या दाराला निदान कडी असते, इथे तीही नव्हती. पेशंटांच्या फोल्डरांना खेटून डॉक्टरांच्या मेहुण्याच्या हळदीचे व्हिडिओ, मारधाडीचे डब केलेले सिनेमे, आणि रोज सकाळी येणारी गुलाबाची सुप्रभातं. कुठल्याशा बाईच्या गर्भाशयाच्या स्कॅनखाली लगेच 'हळद डान्स फायनल'. शी!

सेंटरचे मालक डॉक्टर प्रेमराज. मोठा गोड माणूस, इतका गोड की ऐकणाऱ्याचे दात किडावेत. आठवड्यातले काही दिवस ते जळगावच्या शाखेत असायचे, बाकीचे धुळ्याला. दिपमालाने डिस्कचा हा उकिरडा त्यांच्या कानावर घातला, तर ते खुर्चीत मागे रेलून हसले.

"अगं बेटा, इथे बाहेरचं कोण आहे? बठ्ठा आपलाच माणूस शे." लाडात आले की ते अहिराणीवर यायचे. "तू सिनेमे काढ, माझी हरकत नाही. मेहुण्याचं लग्न तेवढं राहू दे. बायको विचारते अधूनमधून."

दिपमालाने खोली धुऊन घेतली, मुंग्या हटवल्या, सिनेमे काढले. मेहुण्याची हळद राहिली. पगार वेळेवर होत होता, घरी वडिलांची औषधं चालू होती. तिने नाक दाबून काम करायचं ठरवलं.

असे काही महिने गेले आणि भाद्रपदात, गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, शेहजाद आला.

हा शेहजाद पॉवरलूमवर कामाला. सोबत त्याची आई हसीनाबी, काटकुळी, बाकड्यावर बसूनही धाप लागलेली. डॉक्टर त्या दिवशी जळगावला होते. रिसेप्शनवर सुनंदाबाई होत्या, डॉक्टरांच्या सासरकडच्या. त्यांना काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर 'नाही' असायचं.

"दोन वर्षांपूर्वीचे फोटो? एवढं जुनं नसतं आमच्याकडे," सुनंदाबाईंनी मान वर न करता सांगितलं.

"असतं," मागून दिपमाला म्हणाली. "सगळं असतं. तारीख सांगा, भाऊ."

सुनंदाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू हिने त्यांच्या ताटातली पोळी उचलली. शेहजादने घडी घालून घालून मऊ झालेला रिपोर्ट पुढे केला. दोन वर्षांपूर्वीचा, याच सेंटरचा, खाली प्रेमराज डॉक्टरांची सही. दोन्ही फुप्फुसं निरोगी, कुठलाही दोष नाही, असा त्याचा मजकूर.

"तेव्हा खोकला होता म्हणून काढला होता," शेहजाद म्हणाला. "आता परत सुरू झाला, तर नाशिकला नेलं. तिथल्या स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात डाग निघाला. सर्जन म्हणतात, दोन वर्षांपूर्वी काहीच नव्हतं म्हणजे हा डाग नवा आहे, वाढता आहे, छाती उघडून तो तुकडा काढावा लागेल. गुरुवारची तारीख दिली आहे. पण अम्मीचं हार्ट कमजोर आहे, मॅडम. भूल देणाऱ्या डॉक्टरने आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, टेबलावरून उठतील याची खात्री नाही."

"मग जुने फोटो कशाला हवेत?"

"सर्जन म्हणाले, कागदावर माझा भरवसा नाही, जुने फोटो मला डोळ्यांनी बघू द्या. तो डाग तेव्हाही एवढाच असेल, तर तो निरुपद्रवी. मग कापाकापी नको, वर्षातून एकदा बघत राहायचं. सगळं त्या फोटोंवर आहे."

हसीनाबीने दिपमालाचा हात धरला. म्हातारीचे तळवे गार होते.

"बेटी, मेरे कू चिरवाना नहीं है," ती म्हणाली. "ढूंढ दे मेरे फोटो."

दिपमालाला वाटलं, यात काय, आत्ता काढून देते. सर्व्हरवर तारखेवार फोल्डर होते. त्या तारखेच्या आदल्या दिवसाचं होतं. दुसऱ्या दिवशीची दसऱ्याची सुट्टी सोडली, तर पुढचेही सगळे होते. नेमकं त्याच तारखेचं नव्हतं. तिने नाव घालून शोधलं, मेहुण्याच्या हळदीतसुद्धा शोधलं. नाही. रिसेप्शनच्या नोंदीत मात्र हसीनाबीचं नाव होतं, स्कॅन झाल्याची खूण होती, आणि त्याच दिवसाची आणखीही बरीच नावं होती. सगळ्यांचे रिपोर्ट तयार आणि फोटो एकाचाही नाही. फोटो नाहीत, तर रिपोर्ट कशाला बघून लिहिले? या प्रश्नाशी ती थबकली. मग शेहजादला म्हणाली, "उद्या या. शोधते मी." आणि सीटीच्या खोलीत छगनकडे गेली.

छगन तिथला टेक्निशियन. पेशंटला मशीनमध्ये सरकवायचं, फोटो काढायचे आणि शेजारच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर पाठवायचे, हे त्याचं काम. ते यंत्र फोटो घेऊन सर्व्हरच्या डिस्कवर ठेवायचं. छगनच्या गालात कायम गुटखा. दिपमालाने तारीख सांगताच त्याचा चेहरा खुलला. हो, खुलला! गावच्या तमाशाची आठवण काढावी तसा तो सांगायला लागला.

"ती नवमी होती ना, मॅडम, खंडेनवमी. नवमीला सकाळी सगळी यंत्रं बंद. अवजाराला त्या दिवशी आराम, पूजा. नारळ फोडला, आरती झाली. पण पेशंट दारात उभे, म्हणून साहेब म्हणाले, आराम पूजेपुरता, दुपारून चालू करा. मग चालू करायची ती मानाप्रमाणे. आधी साहेबांचा कॉम्प्युटर, मग त्यांच्या मिसेसचा, वहिनींचा, मग सीटी मशीन, मग माझं यंत्र, मग रिसेप्शन. सर्व्हर सगळ्यांच्या शेवटी. त्या मोरीत लगेच कोण जाणार? प्रसाद वाटून झाल्यावर झाडूवाल्या मावशीने जाऊन त्याचं बटण दाबलं."

"आणि फोटो?"

"फोटो मी काढले की! माझ्या यंत्रावर दिसतही होते. संध्याकाळी साहेब रिपोर्ट करायला केबिनमध्ये बसले, तर त्यांना काहीच दिसेना. सर्व्हरवर त्या दिवसाचं फोल्डरच नाही. मी म्हटलं, माझं यंत्र अडकलं असेल, एकदा बंद करून चालू करू. केलं. तर माझ्याकडचेही गायब! सीटी मशीनच्या पोटातही नाहीत, कारण पाठवले की पुसायचे असं मीच लावून ठेवतो. जागा भरते हो त्याची."

"पेशंटना परत बोलावलं?"

"छे! दुसऱ्या दिवशी दसरा. साहेबांना नव्या गाडीची डिलिव्हरी घ्यायची होती. म्हणाले, छगन, टायपिस्टला सांग, सगळ्यांना नॉर्मल टाक. ज्याला खरंच काही असेल तो येईल परत. फोटो छापायची फिल्म संपली म्हणून सांगितलं, नुसते कागद दिले." छगनने टोपलीत पिचकारी मारली. "पण पुढच्या वर्षी आम्ही ती चूक केली नाही हं, मॅडम. पहिला मान सर्व्हरला! त्याला शेवटी ठेवला म्हणून तो रुसला होता. त्याच्या डोक्यावर नैवेद्य ठेवला, हार घातला. बघा, परत कधी त्रास दिला नाही त्याने."

दिपमालाला किळस आली. गुटख्याच्या वासाने नव्हे. यंत्र रुसलं म्हणून यांनी त्याला गूळखोबरं भरवलं. आणि ज्या माणसांच्या छातीत काय आहे ते कोणी पाहिलंच नाही, त्यांना 'निरोगी' असा कागद हातात देऊन घरी धाडलं! आणि हा बेशरम हसत सांगतो. याला वाटतं, आपण गंमत सांगतोय.

"तुला काही वाटत नाही, छगन?"

"काय वाटायचं?" तो खरोखरच गोंधळला. "साहेबांनी सांगितलं, मी केलं."

ती बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली. घरी निघून जावं, राजीनामा तोंडावर मारावा, असं सगळं मनात येऊन गेलं. पण म्हातारीचा गार तळवा अजून हाताला जाणवत होता आणि गुरुवार काही थांबणार नव्हता. तिने छगनची ती किळसवाणी गोष्ट डोक्यात पुन्हा एकदा फिरवली. मानाप्रमाणे चालू केली. सर्व्हर शेवटी. माझ्या यंत्रावर दिसत होते. बंद करून चालू केलं, आणि गायब.

अरे देवा! गायब कुठे झाले?

गोष्ट साधी आहे. छगनच्या यंत्रात एक फोल्डर आहे, तो म्हणजे भिंतीतला रिकामा कोनाडा समजा. सर्व्हरची डिस्क माउंट झाली, की कोनाड्यापुढे पलीकडच्या खोलीतलं भलंमोठं कपाट येऊन उभं राहतं, आणि आपण ठेवतो ते त्या कपाटात जातं. त्या नवमीला छगनचं यंत्र आधी उठलं. त्याने सर्व्हरची डिस्क मागितली. सर्व्हर झोपलेला, कोण उत्तर देणार? यंत्राने कुठेतरी एका ओळीत कुरकुर नोंदवली आणि ते गप्प बसलं. कपाट आलंच नाही. पण कोनाडा होताच, त्यात वस्तू ठेवता येतेच. दुपारपासूनचे सगळे फोटो छगनच्या यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर, त्या कोनाड्यात पडत राहिले. डॉक्टर सर्व्हरवर शोधत होते, त्यांना ते दिसणार कसे? आणि संध्याकाळी या शहाण्याने यंत्र बंद करून चालू केलं, तोवर सर्व्हर जागा झालेला. कपाट आलं आणि कोनाड्यापुढे उभं राहिलं. मागची वस्तू दिसेनाशी झाली. पण जाईल कुठे?

आणि दिपमालाला आठवलं, छगनच्या त्या यंत्राची डिस्क तिला पूर्वीच खटकली होती. भरलेली जागा जास्त दाखवायची आणि फोल्डर मोजले तर तेवढं सामान भरायचं नाही. तिने तेव्हा लक्ष घातलं नव्हतं. म्हटलं, या उकिरड्यात काय काय मोजत बसायचं!

ती धावतच आत गेली. छगनचा पेशंट संपला होता. तिने त्याला बाजूला सारून यंत्राला कपाट हटवायची आज्ञा दिली, म्हणजे डिस्क अनमाउंट करायची. यंत्राने नकार दिला. डिस्क वापरात आहे म्हणे.

"कोण वापरतंय? पेशंट तर कोणी नाही!"

छगन इकडेतिकडे बघायला लागला. मग त्याने हळूच पडद्यावरची एक खिडकी मोठी केली. काढून टाकलेल्या सिनेमांपैकी एक त्याने पुन्हा त्याच डिस्कवर आणून ठेवला होता आणि पेशंटांच्या मधल्या वेळात आवाज बंद करून तो बघत होता.

"बंद कर ते," दिपमाला दातओठ खात म्हणाली. "बंद कर, नाहीतर तुझ्या डोक्यात घालीन हे यंत्र."

सिनेमा बंद झाला. डिस्क निघाली. आणि ज्या फोल्डरात एरवी वर्षांच्या वर्षांचे फोटो दिसायचे, तिथे आता एकच तारीख उरली. नवमीची. आत ओळीने नावं. हसीनाबी त्यातच होती. दोन वर्षं त्या खोलीत रोज माणसं येत-जात होती, आणि हे सगळं छगनच्या कोपराखाली तसंच पडून होतं.

दिपमालाने आधी ते सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतलं, मग डिस्क परत लावली. हसीनाबीच्या फोटोंची सीडी केली. शेहजादला उद्या कशाला, आजच बोलावलं. फोटो पाहिल्याविना लिहिलेल्या रिपोर्टबद्दल मात्र ती त्याच्याशी बोलली नाही. आधी हे नाशिकला पोचू दे, मग बघू, असं तिने स्वतःला समजावलं.

सर्जनने फोटो पाहिले. डाग तेव्हाही होता, तेवढाच होता, तसूभरही वाढलेला नव्हता. गुरुवारचं ऑपरेशन रद्द झालं.

पुढच्या आठवड्यात शेहजाद आईला घेऊन सेंटरात आला. हातात मिठाईचा डबा आणि शाल. त्याने शाल कोणाला घातली असेल? प्रेमराज डॉक्टरांना! बिचाऱ्याला दुसरं काय ठाऊक? डॉक्टरांच्या सेंटरने दोन वर्षांपूर्वीचे फोटो जपून ठेवले, म्हणून अम्मी वाचली, एवढंच त्याला माहीत. आणि हा माणूस, ज्याने ते फोटो डोळ्यांनी पाहिले नव्हते, तो खांद्यावर शाल घेऊन हात जोडून उभा राहिला.

"सब ऊपरवाले की मेहरबानी है, अम्मा," तो म्हणाला. "हमने तो सिर्फ अपना काम किया."

सुनंदाबाईंनी मोबाईलवर फोटो काढला आणि संध्याकाळी तो सेंटरच्या स्टेटसवर लागलाही. दिपमाला दाराशी उभी होती. तिला त्याच्या त्या जोडलेल्या हातांची, त्या वाकलेल्या मानेची एवढी शिसारी आली, की तिने हातातली बर्फी रुमालात गुंडाळून कचऱ्यात टाकली. अन्नाला असं टाकू नये, हे कळत असूनही टाकली.

मायलेक गेल्यावर डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. शाल अजून खांद्यावरच होती.

"शाब्बास, बेटा. छगनने सांगितलं मला सगळं. हुशार आहेस तू." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आता असं कर, ते नवमीचं फोल्डर पुसून टाक. म्हातारीचं काम झालं. बाकीचं उगाच पडून राहायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सर, बाकीच्यांचे रिपोर्टही फोटो न बघताच दिलेत. तुम्ही ते आता बघा. एक दुपार लागेल फार तर."

"आता बघून काय करायचं?" डॉक्टर हसले. "अगं, विचार कर जरा. दोन वर्षं झाली. ज्याला काही त्रास असता तो परत आला असता की नाही? आलं का कोणी? ही एक म्हातारी सोडली तर कोणी नाही आलं. म्हणजे बठ्ठा ठणठणीत शेत. कशाला लोकांच्या डोक्यात किडे सोडायचे?"

"मी पुसणार नाही."

"दिपमाला," पहिल्यांदाच त्यांनी बेटा म्हटलं नाही, "वडिलांची तब्येत कशी आहे तुझ्या?"

तिला वाटलं, या माणसाच्या खोलीतली हवासुद्धा आपण श्वासात घेऊ नये. ती उठली. मागून ते म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत पुसलं गेलं पाहिजे." ती सरळ सीटीच्या खोलीत गेली आणि छगनच्या बाजूच्या स्टुलावर बसली.

"छगन, हे फोटो उघड. एकेक."

"मी डॉक्टर आहे का, मॅडम?"

"इतकी वर्षं बघतोयस ना? निरोगी छाती कशी दिसते ते तर माहीत आहे ना तुला? उघड."

छगनने कुरकुरत पहिला उघडला. एका पोराचं डोकं. ठीक दिसत होतं. मग एका बाईचं पोट, मग कोणाची तरी पाठ. छगन प्रत्येकाला 'बरं वाटतं, बरं वाटतं' म्हणत चघळत होता आणि दिपमालाला वाटायला लागलं, डॉक्टर म्हणतात तसंच असो. खोटारडा असो, नीच असो, पण त्याचं एवढं म्हणणं खरं निघो. मग छगनने एक छाती उघडली आणि त्याचं चघळणं थांबलं.

डाव्या बाजूला, जिथे काळं दिसायला हवं, तिथे मुठीएवढा पांढरा गोळा होता. तो ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नव्हतं.

"अरे बाप रे," छगन पुटपुटला. त्याने तोंडातला गुटखा थुंकला आणि तोंड पुसलं. दिपमालाने त्याचा चेहरा असा पडलेला कधी पाहिला नव्हता. तिला त्याची दया आली नाही.

नाव होतं जीवराम. गाव अमळनेर तालुक्यातलं. रिपोर्टच्या नोंदीत तोच मजकूर, दोन्ही फुप्फुसं निरोगी, कुठलाही दोष नाही. फोन नंबर नोंदीत होता. दिपमालाने तिथेच, छगनच्या समोर, स्वतःच्या मोबाईलवरून लावला. बऱ्याच वेळाने एका बाईने उचलला.

"कोन बोली ऱ्हायनं?"

"मी धुळ्याहून बोलतेय, सीटी स्कॅन सेंटरमधून. जीवराम आबा आहेत का?"

"त्या तं गयात ना, माय," बाई म्हणाली. "मांगला चैतमा. मी त्यासनी घरवाली, भागाबाई. काय काम व्हतं?"

छगन खाली मान घालून बसला होता.

"आबा गेले? काय झालं होतं त्यांना?"

"खोकला. खोकलता खोकलता रगत पडे. गावना डॉक्टरकडथीन औषध लयनूत, झाडपाला कया, बठ्ठं कया. तुम्हनाकडे फोटू काढा व्हता ना, त्यामा तं काहीच नही निंघनं. तो कागद उना, तवय आम्हीन कानबाईना नवस फेडा, बठ्ठा गावले जेवाडं." ती जरा थांबली आणि मग समजुतीने म्हणाली, "तुम्हना डॉक्टर साहेबना काही दोष नही, माय. त्यासनी तं चांगलंच लिखं व्हतं. आम्हनंच नशीब."

आता फोन ठेवता आला असता. बाई स्वतःच दोष काढून घेत होती, डॉक्टर सुटले होते, वडिलांची औषधं चालू राहिली असती. दिपमालाने समोरच्या पांढऱ्या गोळ्याकडे पाहिलं.

"भागाबाई, तो कागद खोटा होता," ती म्हणाली. "डॉक्टरांनी आबांचे फोटो बघितलेच नव्हते. न बघता लिहून दिलं होतं. आज मी ते फोटो बघतेय. आबांच्या छातीत तेव्हाच मोठी गाठ होती."



"म्हंजे त्या खरं बोलेत," भागाबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "त्या रोज म्हनेत, भागा, मन्ही छातीमा काहीतरी शे. आनि मी त्यासवर खेकसू. म्हनू, कागदवर लिखेल शे काहीच नही, उगाच सोंगं नका करू, उठा, वावरमा चाला. शेवटलोंग मी त्यासले हाईच म्हनू, माय. शेवटलोंग."